फॉर्म द्यायच्या आधी

चि. मनू,

परवा तू फोन आपटलास, मीही काही कमी बोलले नव्हते. आजीला वाटलं, तिच्या गुडघ्यावरून चाललंय. म्हणून हे लिहून पाठवतेय. दादाचं नाव काढू नको म्हणालीस, नाही काढत.

एबी आणि बीसी हे शाळेतले कॉलेजच्या पातळीचे कॅल्क्युलसचे दोन कोर्स, बीसी त्यातला मोठा. आधी एबीचं वर्ष नको हे तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं. बीसीच्या १० युनिटांपैकी ८ एबीचीच. नवीन म्हणजे पॅरामेट्रिक-पोलर आणि सिरीज, शिवाय मधेमधे बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स अशा इंटिग्रेशनच्या काही युक्त्या. तेवढ्यासाठी सगळं दोनदा चघळायचं कशाला? बीसीच्या निकालात एबीचा गुण वेगळा मिळतोच. तेव्हा बीसी घ्यायचं हे ठरलं. प्रश्न अकरावीत की बारावीत, एवढाच, आणि विषयांच्या फॉर्मवर तेच लिहायचंय. अकरावीत हवं तर त्याआधीचं प्रीकॅल्क्युलस (त्रिकोणमिती, लॉग वगैरे पूर्वतयारी) या उन्हाळ्यात कॉलेजात उरकावं लागेल.

कॅल्क्युलसची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्रिकोणमितीची. अल्जेब्रा टू मध्ये ती तुम्हाला शेवटच्या तीन आठवड्यांत दाखवली, शिकवली नाही. बीसीत काय होतं ते बघ. १ + २ कॉस थीटा हा पोलर वक्र घे आणि त्याच्या आतल्या फाशाचं क्षेत्रफळ काढ. इंटिग्रेशन दोन ओळींचं आहे. पण कॉस थीटा उणे अर्धा कुठे होतो हे झटकन दिसलं नाही, तर सीमाच मिळत नाहीत (दोन-तृतीयांश पाय ते चार-तृतीयांश पाय). पुढे कॉसचा वर्ग फोडायला दुप्पट कोनाचं सूत्र लागतं. कॅल्क्युलसमध्ये अडलेली मुलं माझ्या वर्गात मी रोज बघते. त्यांतली बरीचशी खरं तर इथे अडलेली असतात, आणि त्यांना वाटतं आपल्याला कॅल्क्युलस जमत नाही. तसं तुला वाटायला नको.

पाचवीत स्वयंपाकघरातल्या फरशांवर १, मग ३, मग ५ बटणं मांडून तू दाखवलं होतंस की दर वेळी चौकोनच होतो. कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी फोटो काढला, तो अजून...

असो. उन्हाळ्याचा हिशेब. ४ क्रेडिटचा कोर्स १५ आठवड्यांत साधारण ६० तासांचा असतो. तोच ६ आठवड्यांत म्हणजे आठवड्याला १० तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरी. ३० तास. त्यात तुझी लाइफगार्डची नोकरी आणि जुलैत नाशिक. एक आठवडा बुडाला की अडीच आठवडे बुडाले. आणि नेमकी त्रिकोणमिती मधल्या आठवड्यांत येते! शिवाय हा ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमचा राहतो, पुढे अर्ज करताना दाखवावा लागतो. शाळेतला बी त्यामानाने सोसवतो.

भाषण झालं, माफ कर.

काउन्सेलरला फोनवर नको, ईमेलने तीन गोष्टी विचार. बाहेरचं प्रीकॅल्क्युलस शाळा मानते का, की वर आपली परीक्षाही घेते? बीसी लिमिटपासून सुरू करतात, की एबी झालंय असं धरून? आणि बारावीला पुढे काय देतात? मल्टिव्हेरिएबल, म्हणजे बीसीच्या पुढचं कॅल्क्युलस, नसेल, तर एक वर्ष गणिताविना जाईल आणि कॉलेजात गेल्यावर हात जड झालेला असेल. मग घाई करून मिळवलं काय?

बुधवारी संध्याकाळी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ९० मिनिटं बस. २० गणितांचा पेपर बाबांकडे पाठवलाय. पहिलं म्हणजे युनिट सर्कलचे १६ बिंदू, रेडियनमध्ये, न थांबता. दुसरं: २ साइन वर्ग थीटा − साइन थीटा − १ = ० याची ० ते २ पाय मधली सगळी उत्तरं. तीन आहेत. दोनच लिहून पुढे गेलीस तर मला कळेल. बाकी लॉग, इन्व्हर्स फंक्शनचं डोमेन, पार्शल फ्रॅक्शन्स. १६ बरोबर आले तर उन्हाळ्याचा कोर्स घे, नोकरी ऑगस्टपर्यंत ढकल, तिकिटाचं मी बघते. कमी आले तर अकरावीत शाळेतलं प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत बीसी. तेही मागे पडणं नाही. एमआयटी बीसीतल्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, ते कोणत्या इयत्तेत मिळवलं हे विचारत नाही.

दादालाही सिरीज नव्हत्या अडल्या. साइन-कॉसच अडले होते. बघ, काढलंच नाव.

फॉर्मच्या दोन प्रती, दोन्ही वाटांची एकेक, भरून स्कॅन कर, मी दोन्हींवर सही करून पाठवते. पेपर बाबा तपासतील. उत्तरं त्यांच्याकडे आहेत, मागू नकोस. आजी आज वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेली, तुला सांगायला सांगितलंय.

— आई