नकार दिलेल्या उत्तराचीही नोंद राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पूरग्रस्त कुटुंबांच्या पाहण्यांचे आकडे आपल्या वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. त्यावर चर्चा होते, मदतीच्या मागण्या होतात. हे आकडे तयार होताना एका टप्प्यावर जे नुकसान होते, त्याविषयी लिहीत आहे. मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतरही पीएच.डी. करणारी मुले-मुली आपापल्या फायली घेऊन घरी येतात, आणि बहुतेक फायलींत मला तेच दिसते: एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती नेताना, कोणते उत्तर का मिळाले नाही याची नोंद वाटेत गळून गेलेली असते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ तालुक्यातल्या काही गावांत एका संस्थेने घरोघरी पाहणी केली. त्यात एक प्रश्न होता: खासगी सावकाराचे कर्ज किती, हजार रुपयांत सांगा. ज्यांना प्रश्न लागू नव्हता त्यांच्यापुढे ९९९७, ज्यांना आकडा माहीत नव्हता त्यांच्यापुढे ९९९८ आणि ज्यांनी सांगायला नकार दिला त्यांच्यापुढे ९९९९ असे लिहायचे ठरले होते. मूळ फाईल एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि हे तिन्ही कोड तिथे 'मिसिंग', म्हणजे न मिळालेले उत्तर, म्हणून नीट जाहीर केलेले होते. पुढे विश्लेषणासाठी ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाईल, करून दुसरीकडे पाठवली गेली. सीएसव्हीमध्ये नुसते आकडे जातात. कोणता आकडा खरा आणि कोणता कोड, हे सांगणारी माहिती मागेच राहते. परिणाम असा झाला की नकार देणाऱ्या शेतमजूर बाईच्या नावावर ९९ लाख ९९ हजारांचे कर्ज दिसू लागले.

ही चूक निदान डोळ्यांत भरते. सरासरी भलतीच आली की कोणीतरी थांबून बघतो. मला खरी काळजी वाटते ती तिच्यावर केलेल्या उपायाची. ते तिन्ही कोड सरसकट पुसून रकाने रिकामे करण्यात आले. सरासरी सुधारली, तक्ते स्वच्छ दिसू लागले, आणि कोणी नकार दिला, कोणाला माहीत नव्हते, कोणाला प्रश्नच लागू नव्हता, हे कायमचे गेले. कोड पुसले जाण्यापूर्वी मूळ फाईल पाहिली होती, तेव्हा नकार सगळ्या गावांत सारखे पसरलेले नव्हते. थोड्या वस्त्यांत एकवटलेले होते. सावकाराचे नाव घ्यायला माणसे कुठे कचरतात, हे त्यावरून कळू शकले असते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला "ते सोडून बाकीचं विचारा, ताई" असे सांगणारी बाई काहीतरी सांगतच होती.

संख्याशास्त्रात हा विषय नवा नाही. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात याची मांडणी केली. उत्तर गाळले जाण्याचा त्या उत्तराशीच संबंध असेल, तर उरलेल्या उत्तरांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. कर्ज जास्त असणारेच गप्प राहिले, तर बोललेल्यांची सरासरी गावाचे कर्ज कमीच दाखवणार. हे ओळखण्यासाठी गप्प राहण्याचे कारण हाताशी हवे.

अडचण अशी की प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी. एसपीएसएसमध्ये एका प्रश्नासाठी तीन सुटे कोड, किंवा सलग आकड्यांचा एक पट्टा आणि एक सुटा कोड, 'मिसिंग' म्हणून नोंदवता येतात. स्टाटामध्ये न मिळालेल्या उत्तरासाठी साध्या टिंबाशिवाय टिंब-ए ते टिंब-झेड अशा २६ खुणा आहेत. सॅसमध्येही तशाच खुणा आहेत, पण वागणूक उलटी. स्टाटा गाळलेल्या उत्तराला प्रत्येक आकड्यापेक्षा मोठे मानते, सॅस प्रत्येक आकड्यापेक्षा लहान. म्हणून 'कर्ज पाच लाखांहून जास्त' अशी अट स्टाटामध्ये घातली की नकार देणारेही त्या यादीत येतात. सॅसमध्ये 'दहा हजारांहून कमी' म्हटले की तेच लोक तिकडे जाऊन बसतात. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये मुळात एनए ही एकच सर्वसाधारण खूण. 'आर'ला जोडायच्या 'हेवन' पॅकेजने एसपीएसएसची फाईल वाचताना 'यूझर एनए' हा पर्याय मुद्दाम चालू केला नाही, तर सगळे जाहीर केलेले कोड एनए होऊन येतात. कसलाही इशारा मिळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फायली आमचे विद्यार्थी नेहमी वापरतात. त्यात मुलाचे हिमोग्लोबिन ११२ लिहिले असेल तर ते ११.२ ग्रॅम समजायचे. त्याच रकान्यात ९९४ म्हणजे मूल घरी नव्हते आणि ९९५ म्हणजे तपासणीस नकार. मूल ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गावाबाहेर असणे आणि आईने सुई टोचू न देणे या दोन गोष्टींवर आरोग्य खात्याने करायची कामे अगदी वेगळी आहेत. दोन्ही रिकामे रकाने करून टाकले की ती कामे सुचायचीच नाहीत.

करायला हवे ते फार नाही. फाईल हलवण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाचा वारंवारता तक्ता, म्हणजे कोणते उत्तर किती वेळा आले याचा तक्ता, काढावा, कोड धरून. हलवल्यावर पुन्हा काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवावेत. मूळ रकान्याला हात लावू नये. हिशोबासाठी दुसरा रकाना करावा. ९९९७ चे टिंब-ए केले, ९९९८ चे टिंब-बी केले, तर तसे कागदावर लिहून फाईलसोबत द्यावे. आणि कोड असा निवडावा की तो खरे उत्तर असूच शकणार नाही. वयाच्या रकान्यात ९९ लिहिणाऱ्यांनी गावातल्या पणज्या आठवाव्यात.

माझी विनंती दोघांना आहे. प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी हे दोन तक्ते परिशिष्टात मागावेत. आणि ज्या संस्था सार्वजनिक पैशातून किंवा देणग्यांतून पाहण्या करतात, त्यांनी अहवालासोबत कोडची यादी आणि नावे-पत्ते काढलेली मूळ फाईल खुली करावी. शिरोळच्या त्या पाहणीचे भरलेले कागद अजून गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले आहेत असे समजते. ते रद्दीत जाण्याआधी कर्जाच्या प्रश्नाचे कोड पुन्हा भरून घ्यावेत. त्या कामाला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामोबदला बसायला तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (संख्याशास्त्र),
राजारामपुरी, कोल्हापूर