खोक्यावरचे वॅट आणि कानावर पडणारा आवाज

महोदय,

माझी मुलगी शास्त्रीय गायन शिकते आणि तिचा निम्मा रियाज संगणकावरच्या ध्वनिमुद्रणांच्या साथीने चालतो. त्यासाठी गेल्या महिन्यात पुण्यातील तपकीर गल्लीतून बाराशे रुपयांचे स्पीकर आणले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२००० वॅट पीएमपीओ’ असे छापले होते. घरी जोडणी करताना सोबतचा अडॅप्टर हातात घेतला, तर त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘९ व्होल्ट, १ अँपिअर’ असे लिहिलेले होते. या दोन आकड्यांचा गुणाकार होतो अवघा ९ वॅट. ज्या यंत्राला ९ वॅट वीज मिळते, ते सलग ९ वॅटांहून अधिक आवाज देऊच शकत नाही, हे शाळेतल्या विज्ञानावरूनही कळते.

पीएमपीओ, म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट, अर्थात क्षणभरापुरती मिळणारी कमाल ताकद, हा आकडा नेमका कसा मोजायचा याचे सर्वमान्य मानक नाही. त्यामुळे तो कितीही फुगवता येतो. ग्राहकाने पाहावा तो आरएमएस या नावाने दिलेला सलग वॅटचा आकडा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे नव्हे, वाढ होते ती जेमतेम ३ डेसिबलची, म्हणजे कानाला थोडीशीच जाणवणारी. टेबलाशी दोन-अडीच फुटांवर बसून ऐकणाऱ्याला दर स्पीकरमागे खरे पाच-दहा वॅट भरपूर होतात. केवळ यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरांची मर्यादा तर उघडच आहे, कारण साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात.

खरा प्रश्न मोठ्या आवाजाचा नसून भरीव आवाजाचा आहे. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर साधारण ७० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांचा असतो. दोन इंची स्पीकरच्या छोट्याशा प्लास्टिकच्या डबीतून तो जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतो तो वरच्या स्वरांशांचा झंकार. डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसती टपटप ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, असलेले संच विकले जातात. त्यांत काही चांगलेही असतात, पण स्वस्तातल्या बहुतेक संचांत तो एकाच पट्टीत घुमत राहतो आणि गाणाऱ्याचा आवाज मागे पडतो. माझे स्पष्ट मत असे की, तेवढ्याच पैशांत लाकडी किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) पेटीतले, तीन-चार इंची स्पीकर असलेले दोनच नग घ्यावेत. दुकानात जाताना परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये घेऊन जावे आणि तेच लावून पाहावे. दुकानदाराने लावलेले धडधडते गाणे कोणत्याही स्पीकरवर बरेच वाटते. घरी आणल्यावर दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीला, स्वतःकडे किंचित वळवून आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर ठेवावेत. एवढ्याने आवाजात पडणारा फरक लगेच ऐकू येतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मात्र जाणकाराला सोबत घेऊन खरेदीला जाणे प्रत्येकालाच जमते असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरातीच्या व्याख्येत वेष्टन आणि लेबल यांचाही समावेश केला आहे, म्हणजे खोक्यावरचा फुगवलेला आकडा हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाच प्रश्न ठरतो. अमेरिकेत घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता कशी मोजून सांगायची याचा नियम १९७४ पासून आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आपल्याकडेही पीएमपीओचा आकडा छापण्यास मनाई करावी आणि सलग वॅट, तसेच स्पीकर किती हर्ट्झपर्यंत खाली उतरतो हा आकडा, तोही तिथवर आवाज किती डेसिबलने कमी-जास्त होतो ते सांगून, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत देणे बंधनकारक करावे. तोपर्यंत वाचकांनी पैसे देण्यापूर्वी खोके उघडायला लावून अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत, आणि फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मीही माझी तक्रार खोक्याच्या आणि अडॅप्टरच्या छायाचित्रांसह करणार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे