स्थळाच्या कागदावरून गळालेले काका

संपादक महोदय, स. न.

बेळगाव, खानापूर आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत मी स्थळं जुळवतो. पत्रिका, देवक, शेती, नोकरी विचारून झाली की मंडळी आवाज खाली आणतात, "घराण्यात तसलं काही नाही ना?"

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका मुलीच्या बायोडाटावर काका दोन होते. गावात तीन. तिसऱ्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय होणारा मनाचा आजार. धारवाडच्या गोळ्या चालू आहेत, दोन्ही वेळा म्हशींच्या धारा काढतात, डेअरीच्या हिशेबातली चूक तेच काढून दाखवतात. चौकशीत नाव निघालं आणि ठरलेली सुपारी राहिली.

मग मी बेळगावातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांना गाठलं. हा आजार घराण्यातून येतो हे खोटं नाही, पण किती येतो हे कुणी विचारत नाही. एरवी शंभरात साधारण एकाला तो कधी ना कधी होतो. आई किंवा वडील आजारी असतील तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. काका आजारी असतील तर पुतणीला तीन-चार. मग उरलेल्या शहाण्णव पुतण्यांची लग्नं आपण कशापायी मोडतो? एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच, तरी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्याहून जास्त वेळा दुसरा सुटतो.

एकच जनुक बिघडलं आणि माणूस आजारी पडला, असंही सहसा नसतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात जनुकसंचातल्या २८७ जागांचा या आजाराशी संबंध दिसला. एकेका जागेचा भार अगदी थोडा, आणि त्यांतले कितीतरी फरक तुमच्या-माझ्यातही असणार. रक्त तपासून 'हिला होणार' असं सांगणारी चाचणी नाही. (निघाली तर पत्रिकेआधी तीच मागतील, याची मला धास्ती आहे.) शिवाय बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतोच. तेव्हा 'स्वच्छ घराणं' बघून कसली हमी मिळते?

लपवाछपवीचा खरा फटका आजारी माणसाला बसतो. आजार डोकं वर काढतो तो बहुधा विशीच्या आगेमागे, म्हणजे नेमकं घरात बहिणीचं लग्न बघत असतात तेव्हा. पोरगा एकटाच बडबडतो, जेवणात विष घातलंय म्हणतो, तरी 'तिचं एकदा उरकू दे, मग बघू'. तोवर बाहेरचं लागलंय म्हणून अंगारे-धुपारे. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं जड जातं, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं.

आता दिवाळीनंतर वधूवर मेळावे सुरू होतील. भरवणाऱ्या मंडळांना विनंती, व्यासपीठावर मानसोपचारतज्ज्ञांना अर्धा तास द्या आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फलकावर लावा. वेळ पुरत नसेल तर हारतुरे कमी करा.

आपला,
एक मध्यस्थ, वडगाव, बेळगाव