झाडाच्या वेशातले टॉवर

महोदय,

मोबाइल टॉवरला प्लास्टिकच्या फांद्या लावल्या की तो दिसेनासा होतो, ही समजूत चुकीची आहे. भोवतीची झाडे १० मीटरची आणि टॉवर ३० मीटरचा असेल, तर तो हिरवा शेंडा उलट नजरेत भरतो. अशा ठिकाणी चकाकी नसलेला फिकट राखाडी खांब आकाशात जास्त मिसळतो.

अँटेनासमोर काय येते, हे त्याहून महत्त्वाचे. अँटेना झाकणारे आवरण फायबरग्लासचे हवे. पत्रा, तारेची जाळी किंवा धातूची पूड असलेला रंग लहरी अडवतो. पहिल्या वेळी काळजी घेतली जाते, पण पुढच्या रंगकामात हाताला येईल तो डबा वापरला जातो आणि मग रेंज का गेली याचा शोध सुरू होतो. या आवरणाच्या भिंतीच्या जाडीचाही हिशेब लागतो. ३.५ गिगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीला लहरीची लांबी सुमारे ८.५ सेंटिमीटर असते, त्यामुळे ३ मिलिमीटरची भिंत तिला फारशी बाधत नाही. २६ गिगाहर्ट्झला ती जेमतेम ११.५ मिलिमीटर, तिथे भिंतीच्या जाडीत एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला तरी बराच सिग्नल परत फिरतो. जुन्या आवरणात नवा अँटेना बसवण्याआधी हे तपासायलाच हवे.

फांद्यांनी वाऱ्याचा भारही खूप वाढतो. पाया आणि खांब त्या हिशेबाने बांधलेले नसतील, तर नंतर फांद्या लावणे सरळसरळ धोक्याचे आहे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन पाने गळतात, ती वेगळीच.

परवानगी देणाऱ्यांनी फांद्यांसह वाऱ्याच्या भाराचे गणित आणि देखभालीची लेखी हमी मागावी, ही विनंती.

– एक दूरसंचार अभियंता