खातं सभासदानं चुकवलेलं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की गावोगावच्या दूध संस्थांत फरकाच्या, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणाऱ्या जादा रकमेच्या, याद्या निघतात आणि त्यांच्यापाठोपाठ 'खाते क्रमांक जुळत नाही' असा शेरा मारून काही रकमा बँकेकडून परत येतात. मग फळ्यावर नावं लागतात: खालील सभासदांनी पासबुकाची झेरॉक्स आणून द्यावी. सकाळची धार उरकून, रोजगार बुडवून माणसं तालुक्याच्या गावी, गारगोटीला जातात. मी भुदरगड तालुक्यातल्या एका संस्थेची सचिव आहे आणि शेजारच्या दोन-चार संस्थांचे संगणकही अडल्यानडल्याला बघते. माझ्यासमोर आलेल्या याद्यांत सभासदानं दिलेला नंबर बरोबर होता. तो बिघडला होता कार्यालयातल्या टेबलावर, फाइल उघडताना.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर पडते. ती नोटपॅडमध्ये उघडा, खाते क्रमांक पुढच्या शून्यांसकट शाबूत दिसतील. तीच फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल खाते क्रमांकाला आकडेमोडीचा आकडा समजतं. पुढची शून्यं जातात. बारा आकडी आधार क्रमांक 'ई+११' असं शेपूट लावून येतो. सोळा आकडी खातं असेल तर त्याहून वाईट, कारण एक्सेल पंधराच अंक धरतं आणि सोळाव्या जागी शून्य बसवतं. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तरी गेलेला अंक परत येत नाही. आणि बंद करताना 'सेव्ह करू का?' ला हो म्हटलं की मूळ फाइलही गेली. नंबर अवतरणचिन्हांत ठेवून पाठवले तरी डबल क्लिकपुढे त्याचा उपयोग होत नाही. आयएफएससीच्या, म्हणजे बँक शाखेच्या कोडच्या, पाचव्या जागीही शून्यच असतं, पण सुरुवात अक्षरांनी असल्यामुळे तो बिचारा वाचतो.

तारखांची तर गंमतच. आमच्याकडे एका घरातल्या भावांना ५-१, ५-२ असे सभासद क्रमांक आहेत. ५-२ चा झाला ५ फेब्रुवारी. विश्वास नसेल तर कोऱ्या रकान्यात ७/१२ टाइप करून एंटर दाबा. आपला सातबारा ७ डिसेंबर होतो. १२ जुलै झाला, तर संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर आहे असं समजा आणि आधी ती बदला.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. युनिकोडमधल्या नावांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि मध्येच जपानी येनची खूण दिसली, तर फाइल खराब नाही. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि एक्सेल ते तीन सुटे बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचतं. सगळी नावं पुन्हा टाइप करत बसलेला क्लार्क मी पाहिला आहे. युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमधल्या याद्यांना मात्र हे लागू नाही, त्या कन्व्हर्टरमधूनच काढाव्या लागतात.

उपाय फुकटचा आहे. कोरं एक्सेल उघडायचं, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यायचं, 'फाइल ओरिजिन'ला ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'ला 'डू नॉट डिटेक्ट' निवडायचं. यात रकमेचा रकानाही मजकूर म्हणून येतो आणि बेरीज शून्य दाखवते, म्हणून लोड करण्याआधी 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन तेवढा एक रकाना 'डेसिमल नंबर' करून घ्यावा. लिबरऑफिस (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना फाइल उघडतानाच हे सगळं विचारलं जातं. तिथे न वाचता 'ओके' दाबू नये, खात्याच्या रकान्यावर क्लिक करून 'टेक्स्ट' निवडावं. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत २०२३ पासून शून्यं काढणं आणि पंधरा अंकांवर तोडणं बंद करायची सोयही 'ऑप्शन्स'मध्ये आहे.

हे फक्त खेड्यातल्या सचिवांचं अज्ञान समजू नये. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत २०२० च्या ऑक्टोबरात कोरोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण मोजणीतून सुटल्याचं उघड झालं, कारण सीएसव्ही फाइलींमधली माहिती जुन्या एक्सेलच्या ६५,५३६ ओळींत मावली नव्हती. त्याच वर्षी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं 'मार्च१' या जनुकाचं नाव बदलून 'मार्चएफ१' केलं, कारण एक्सेल त्याची तारीख करून टाकत होतं. शास्त्रज्ञांनी जनुकाचं नाव बदललं. आम्ही सातबाऱ्याचं काय बदलणार?

दूध संघांनी आणि बँकांनी यादीचा नमुना पाठवताना फाइल कशी उघडायची हे त्याच परिपत्रकात मराठीत छापावं. सचिवांच्या प्रशिक्षणात फॅट-एसएनएफवर (दुधातले स्निग्धांश आणि इतर घन घटक) अख्खी दुपार जाते, त्यातला अर्धा तास याला द्यावा. बँकेतल्या मंडळींना एवढीच विनंती, की परत पाठवायच्या यादीत ओळीनं सगळ्या खात्यांच्या शेवटी शून्य दिसलं किंवा खात्यांची लांबी कमी-जास्त दिसली, तर शेरा मारण्याआधी संस्थेला एक फोन करून मूळ टेक्स्ट फाइल मागवून घ्या.

आपली,
एका दूध संस्थेची सचिव
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती)