दिग्या, आप्पांशी भांडायचंय

ठाणे (प.)
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दिग्यास,

स.न.वि.वि. वगैरे वगैरे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस आणि विषय भलतीकडेच जातो. शिवाय इथे फोनवर बोललेलं सगळं आप्पांना ऐकू जातं. छातीचं काहीही झालं असलं तरी कान अजून तिखट आहेत.

आधी प्रकृत्या उरकतो. माझी शुगर होती तिथेच आहे, मीनलची मान दुखते, पोरं ठणठणीत. झालं.

आता मुद्दा. आप्पा माझ्याशी भांडत नाहीत. हसू नकोस. हे मी मीनलला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंय की, सुटलात." माझ्या ऑफिसातल्या कुणाला सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील. आप्पांनी आखलेल्या सहलीला जाऊन आलेला माणूस माझ्याशिवाय तूच उरलास. पिंट्या कसला बोलतोय, तो पहिल्याच दिवशी परत गेला होता.

झालं असं, की गेल्या थंडीत आप्पांच्या छातीने चांगलाच हिसका दाखवला, ते तुला माहीत आहेच. यंदा डॉक्टरांनी आधीच बजावलंय, की जानेवारीत यांना घोडबंदर रोडवर ठेवू नका. दोन-तीन आठवडे तरी उबदार जागी, शक्यतो समुद्राकाठी हलवा. उंचावर नको, कोरड्या थंडीत नको, धुरात नको. तू म्हणशील, ठाण्याला कसली आलीय थंडी! अठरा डिग्रीला माकडटोप्या काढणारी माणसं तुम्ही! खरंय. पण इथे भीती थंडीची नाहीच, हवेची आहे. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि वाराही पडलेला असतो. मग मेट्रोच्या कामाची धूळ, डंपरचा धूर, चारी बाजूंच्या टॉवरांचं सिमेंट, सगळं जाग्यावर लटकत राहतं. सकाळी गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसत नाही. मीनल रात्री कठडा पुसते आणि सकाळी आप्पांचा पेपर त्यावर टेकवला की खालच्या पानाला राखाडी पट्टा उमटतो. नौपाड्यातली जागा सोडायला नको होती असं मला अधूनमधून वाटतं. पण ती बिल्डिंगच आता उभी नाही, तर वाटून काय उपयोग.

तर मी कामाला लागलो. पोरांना गुलमर्ग हवं होतं. म्हटलं, काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, नळातलं पाणी गोठतं, आजोबांना तिथे कशाला न्यायचं, बर्फात ठेवायला? तर धाकटा म्हणतो, आजोबांना नको, आम्हालाच जाऊ द्या. कार्टं तुझ्या वळणावर गेलंय.

तू गेल्या खेपेला कच्छ सुचवलं होतंस. दिग्या, दहावीला तुला भूगोलात किती पडले होते, ते मी अजून सुनंदावहिनींना सांगितलेलं नाही, हे उपकार समज. कच्छ म्हटलं की सगळ्यांना वाळवंट आठवतं आणि वाळवंट म्हटलं की ऊन. पण तिथलं नलिया हे थंडीत गुजरातमधलं सर्वांत गार गाव म्हणून दरवर्षी बातम्यांत असतं. रणात रात्री तंबूत झोपवायचं आप्पांना? दुपारच्या उन्हाला भुलून लोक फसतात. छातीच्या माणसासाठी दुपार नव्हे, पहाटे चार वाजताचं तापमान बघायचं असतं. हे ज्ञान मला या उद्योगात झालं. आता मी कोणत्याही गावाचं नाव ऐकलं की आधी तिथलं किमान बघतो.

मग रामेश्वर-कन्याकुमारी काढलं. आईचं ते राहून गेलं होतं, आणि आप्पा त्यावर कधी बोलत नसले तरी त्यांच्या मनात असणार. ऊब भरपूर, पण परतीचा मोसमी पाऊस तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, कधी जानेवारीपर्यंत रेंगाळतो. शिवाय प्रवास लांबचा. केरळचंही थोडंफार तेच, जानेवारीत तिथे मात्र झकास असतं. मीनलच्या भावाने बाली सुचवलं. ऐन डिसेंबर-जानेवारीत तिथे मुसळधार पाऊस. फुकेतला तेव्हा कोरडं असतं, म्हणून त्याने लगेच फुकेत काढलं. त्याला काय, त्याला एजंटचं कमिशन मिळतं असा माझा जुना संशय आहे. पण विमानाचीच गोची आहे. विमानात आतली हवा जवळजवळ आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ होऊ शकते, म्हणजे महाबळेश्वरच्या पावणेदोन-दोन पट उंचीवर बसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, तपासण्या करून बघता येईल, पण रेल्वेने भागत असेल तर रेल्वेनेच जा. अंदमान, लक्षद्वीप तिथेच निकालात निघाले. अंदमानचं वाईट वाटलं. सेल्युलर जेल बघायचं म्हणून आप्पांनी एकदा पैसे साठवले होते आणि ते माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये गेले. हे तुला ठाऊक आहे, कारण त्या फीचा अर्ज भरायला तूच रांगेत उभा होतास (आणि रांगेत मागच्याशी भांडलास, तो विषय वेगळा).

शेवटी फिरून फिरून गाडी कोकणातच आली. तुला खोटं वाटेल, पण हिवाळ्यात कधीकधी अख्ख्या देशातलं सर्वांत जास्त कमाल तापमान रत्नागिरीला नोंदतात, पस्तिशीच्या आसपास. जमिनीवरून पूर्वेचं वारं वाहत असतं आणि समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत आत येतच नाही, म्हणून तापतं. आणि समुद्र शेजारी असल्यामुळे रात्री तुमच्या नागपूरसारखा पारा घसरत नाही. म्हणजे आपण ज्याच्यासाठी जगभर नकाशे धुंडाळतोय ते मांडवी एक्सप्रेसने एका दिवसावर. सकाळी ठाण्याला बसलं की अंधार पडायच्या आत कुडाळ, तिथून तासाभरात मालवण. ओरोसचं जिल्हा रुग्णालयही फार लांब नाही. तळमजल्याची खोली, दोन पायऱ्या, समोर माड. मालकीणबाईंना फोन करून विचारलं, गिझर आहे का? त्या म्हणाल्या, "गिझर कित्याक व्हयो? बंब आसा मां!" आता बंब म्हणजे लाकडं, लाकडं म्हणजे सकाळी सकाळी धूर. मी त्यांना अर्धा तास आप्पांची छाती समजावून सांगितली. शेवटी त्या म्हणाल्या, तुमच्या वडलांसाठी गॅसवर तापवीन, पण तुम्ही बंबाचंच घ्या, अंगाला बरं. कबूल केलं.

इतकं सगळं झाल्यावर, एवढ्या मोठ्या विजयानंतर, मी कागद घेऊन आप्पांसमोर बसलो. मनाची पूर्ण तयारी करून. तुला आठवतं ना, आप्पांची सहल म्हणजे काय असायची? कालनिर्णयच्या पाठीमागे महिनाभर आधीपासून गाड्यांची वेळापत्रकं. कुठे पाणी भरायचं, कुठे चहा घ्यायचा, कुठल्या स्टेशनवर उतरायचंच नाही. सामानाची साखळी आणि कुलूप, त्याची एक किल्ली त्यांच्या जानव्याला आणि दुसरी आईच्या पर्समध्ये. आणि दुसऱ्या कुणी काही सुचवलं की आधी "नाही" म्हणायचं, मग कारण शोधायचं. मी तर उत्तरं पाठ करून गेलो होतो. मालवणच का, गुहागर का नाही, एसी डबा कशाला, मांडवीच का, जनशताब्दी का नाही.

आप्पांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला. म्हणाले, "बघ, तुला जमेल तसं कर." आणि पेपरची घडी घालून आत गेले.

दिग्या, एक शब्द नाही. मी म्हटलं, आप्पा, आता रिझर्व्हेशन १२० दिवस आधी नाही, ६०च दिवस आधी मिळतं, २०२४च्या नोव्हेंबरपासून बदललंय. म्हटलं, यावर तरी रेल्वेमंत्र्यांचा उद्धार होईल. तर "असं होय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं, आपण गोव्यालाच जाऊ, थर्टी फर्स्टला. म्हणाले, "पोरांना आवडेल." गोव्याला! आप्पा! आपल्या दोघांना कॉलेजात असताना गोव्याचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून ज्या माणसाने बँकेचं पासबुक मंदामावशीकडे नेऊन ठेवलं होतं, तो हा माणूस.

मीनल म्हणते, वय झालं, शांत झालेत, तुम्हीच उगाच उकरून काढता. असेलही. पण मला आता मागचं आठवतं आणि जुळतं. ती १९६२ची थंडी ते दरवर्षी सांगायचे ना? २२ जानेवारी, सांताक्रूझला ७.४ अंश, मुंबईत तेवढी थंडी पुन्हा पडली नाही, आणि हे मॅट्रिकचे विद्यार्थी पोत्यात पाय घालून अभ्यास करत होते. आपण दोघं पाठीमागून ओठ हलवत म्हणायचो. गेल्या थंडीत ती गोष्ट झालीच नाही. मला तेव्हा वाटलं, दम लागतोय म्हणून बोलत नसतील. आता वाटतं, कंटाळा आला असेल. आणि हा कंटाळा मला दम लागण्यापेक्षा जास्त घाबरवतो. दम लागला तर पंप आहे, नेब्युलायझर आहे.

की त्यांना वाटतंय, आपल्याला शेवटचं फिरवून आणतायत? मी विचारू शकत नाही. आमच्या घरात असलं कोणी विचारत नाही, तुला माहीत आहे.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. आप्पांना फोन कर आणि भांड. मी करून पाहिलं, माझ्याशी होत नाही. मी मुलगा, माझं ऐकून घेतात. तू परका, तुझं ऐकून घ्यायची त्यांच्यावर सक्ती नाही. त्यांना सांग, "मी तुमच्या मुलाला अगदी चुकीची गाडी सुचवलीय." नाहीतर चिपळूणचा विषय काढ. गणपतीपुळ्याला जाताना एसटीतून तू चिपळूण स्टँडला उसळपाव खायला उतरलास आणि गाडी सुटली, ती आप्पांनी दारात लोंबकळत, कंडक्टरची घंटा स्वतः वाजवून थांबवली. त्यांना सांग, चूक माझी नव्हती, कंडक्टर दहा मिनिटं म्हणाला होता. (तो पाचच म्हणाला होता, मी शेजारी होतो. पण हे आपण मागाहून बघू.) त्या एका वाक्यावर आप्पा पूर्वी तासभर उभे राहून बोलायचे.

चिडले तर मला लगेच कळव. नाही चिडले तरी कळव.

तुझ्या रेवतीचं लग्न ठरलं हे शैलाकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याची नोंद घेतली आहे. मुलगा कोण, काय करतो, तारीख कुठली, जानेवारीतली असेल तर आधी सांग, म्हणजे मालवण त्या बेताने मागेपुढे करतो. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? नवी गाडी घेतलीस म्हणे. छान.

रिझर्व्हेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडेल, त्याआधी फोन झाला पाहिजे. दुपारी चारनंतर कर, तेव्हा चहा झालेला असतो आणि मी ऑफिसात असतो. लँडलाइन काढून टाकलाय, आप्पांच्या मोबाइलवर कर. तीन-चार रिंगा होऊ दे, त्यांना हिरवं बटण सापडायला वेळ लागतो.

तुझा,
विन्या