'परमिएट' म्हणजे नुसतं 'पसरणे' नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परळच्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. आपल्या विद्यार्थी पुरवणीतला शब्दार्थांचा रकाना माझे विद्यार्थी कापून वहीत चिकटवतात, म्हणून हे पत्र. अलीकडे त्यात 'परमिएट' या क्रियापदापुढे एकच अर्थ छापून आला: पसरणे. बाजारातल्या गाइडांतही तेवढंच असतं.

त्याचा परिणाम लगेच वह्यांत दिसला. 'द न्यूज परमिएटेड इन द मार्केट', 'फायर परमिएटेड इन द गोडाऊन'. मुलांचा यात काही दोष नाही. पण आग आणि बातमी 'स्प्रेड' होते. 'परमिएट'चं मूळ लॅटिन आहे: 'पर' म्हणजे आरपार, 'मेआरे' म्हणजे जाणे. आत शिरायचं आणि कणाकणापर्यंत पोचायचं, असा त्याचा अर्थ. द्रव, वायू, वास यांना तो सरळ लागतो. भीती, संशय, एखादा विचार यांनाही लागतो.

वर्गात हे आधी उमगलं ते दिवसा वॉटरप्रूफिंगच्या कामावर जाणाऱ्या मुलाला. त्याने फळ्यावर गच्ची काढली, तिच्यावर ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, खाली स्लॅब. म्हणाला, "बाई, गच्चीवर पाणी पसरतं ते स्प्रेड. कोब्यातून स्लॅबमध्ये शिरतं आणि खालच्या घरात छताला पोपडे धरतात, ते परमिएट." शिवाय पाणी जिथून शिरतं त्याच्या बरोबर खालीच गळेल असं नाही, आतल्या आत आडवं फिरून भलत्याच खोलीत उतरतं, हेही त्याने बाणांनी दाखवलं. 'इम्परमिएबल', म्हणजे ज्यातून पाणी आत शिरत नाही असं, हा शब्द मग मला वेगळा शिकवावा लागला नाही.

खरी अडचण त्या 'इन'ची आहे. आपण 'चाळीत वास पसरला' म्हणतो. त्यातला 'त' इंग्रजीत 'इन' होऊन येतो. 'परमिएट'ला तो नको असतो. ज्याच्यात शिरायचं ते सरळ कर्म होतं: 'द स्मेल ऑफ ड्राय फिश परमिएटेड द चाळ'. फार तर 'थ्रू' चालतं. उलट बाजूने सांगायचं तर 'वॉज परमिएटेड बाय' किंवा 'विथ'. त्याचं भावंड 'पर्व्हेड', म्हणजे व्यापून टाकणे, तर त्याहून कडक, त्याला 'थ्रू'सुद्धा खपत नाही. ते बहुधा वास, वातावरण, मनःस्थिती यांच्यासाठी येतं. स्लॅबमधल्या पाण्याला ते लावत नाहीत.

आणि आपल्याकडे या एका क्रियापदासाठी केवढे शब्द आहेत! पाणी मुरतं, झिरपतं. विष भिनतं. अत्तर दरवळतं, धूर कोंदतो. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, आणि मुलांना हे घरातूनच येतं. तेच रकान्यात दिलं तर शब्द त्यांना आपला वाटेल. मात्र उलट जाताना जपायला हवं. 'इथे कुठेतरी पाणी मुरतंय' यातला संशय 'वॉटर इज परमिएटिंग हिअर' लिहून इंग्रजीत जात नाही. मुरलेल्या लोणच्यालाही हे क्रियापद लावता येत नाही. मसाल्याची चव फोडींत उतरली, एवढंच त्याने सांगता येईल.

माझी विनंती एवढीच: प्रत्येक क्रियापदासोबत एक पूर्ण वाक्य द्या, आणि त्याला कर्म लागतं की शब्दयोगी अव्यय, तेही. जागा कमी पडत असेल तर रोज दहाऐवजी तीनच शब्द छापा. दिवसभर राबून रात्री सात वाजता बाकावर बसणाऱ्या मुलांना तीन पुरे आहेत, फक्त ते वाक्यात वापरता येतील असे द्या.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका, परळ, मुंबई